जड न्यूट्रिनोंच्या मागावर

न्यूट्रिनोला वस्तुमान आहे, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. ते कोठून आले, याचे उत्तर मात्र अजून मिळालेले नाही. हे उत्तर आजवर न दिसलेल्या एका जड कणात दडलेले असावे, असा सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांचा कयास आहे. जिनिव्हाजवळ नव्वद किलोमीटर परिघाचे नवे यंत्र उभारण्याच्या प्रस्तावात या कणाच्या शोधाला महत्त्वाचे स्थान आहे. दीड लाख कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या यंत्राकडून नेमकी कोणती अपेक्षा रास्त आहे आणि कोणती अवास्तव, याचा हा वेध.

फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेपुढे सध्या तिच्या इतिहासातील सर्वांत मोठा आर्थिक निर्णय आहे. 'फ्युचर सर्क्युलर कोलायडर' अर्थात एफसीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाचा व्यवहार्यता अहवाल ३१ मार्च २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. सरासरी दोनशे मीटर खोलीवर ९०.७ किलोमीटर परिघाचा बोगदा खणायचा, त्यात प्रथम इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवायच्या आणि पुढे त्याच बोगद्यात प्रोटॉनचे अतिशक्तिशाली यंत्र बसवायचे, अशी ही योजना आहे. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक इतका अंदाजण्यात आला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपातील कणभौतिकीच्या धोरण गटाने या पहिल्या टप्प्याला प्रथम पसंती दिली. बांधकामाबाबतचा अंतिम निर्णय २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे.

या यंत्राचे मुख्य काम हिग्ज कणाचा सूक्ष्म अभ्यास करणे हे असल्याचे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. तथापि हिग्जचा अभ्यास म्हणजे सापडलेल्या वस्तूचे काटेकोर मोजमाप होय. संपूर्णपणे नवे असे काही या यंत्रात थेट सापडू शकेल काय, असा प्रश्न विचारला की ज्या मोजक्या उत्तरांकडे शास्त्रज्ञ बोट दाखवितात, त्यांत जड न्यूट्रिनोचे नाव अग्रभागी असते. त्याचे कारण समजून घेण्यासाठी प्रथम हलक्या न्यूट्रिनोची कथा पाहावी लागेल.

प्रारूपातील पोकळी

किरणोत्सारात थोडी ऊर्जा हरविल्यासारखी दिसते, याचे स्पष्टीकरण म्हणून वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये एका विद्युतभाररहित कणाची कल्पना मांडली. हा कण प्रत्यक्षात सापडण्यास तब्बल २६ वर्षे लागली. १९५६ मध्ये क्लाइड कोवान आणि फ्रेडरिक राइन्स यांनी अमेरिकेतील एका अणुभट्टीजवळ त्याची नोंद केली. सूर्याकडून आलेले सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो आपल्या बोटाच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला आरपार निघून जातात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. इतका हा कण अलिप्त वृत्तीचा आहे.

मूलकणांचे आजचे सर्वमान्य शास्त्र 'स्टँडर्ड मॉडेल' या नावाने ओळखले जाते. या प्रारूपात इलेक्ट्रॉन, क्वार्क आदी पदार्थकणांची प्रत्येकी दोन रूपे असतात. फिरकीची दिशा आणि गतीची दिशा यांच्या संबंधावरून त्यांना डावे आणि उजवे म्हटले जाते. हिग्ज क्षेत्र या दोन्ही रूपांना एकत्र जोडते आणि त्या जोडणीतून कणाला वस्तुमान प्राप्त होते. न्यूट्रिनो मात्र याला अपवाद ठरला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या प्रयोगांत न्यूट्रिनो फक्त डाव्या रूपातच आढळला. उजवे रूप दिसलेच नाही म्हणून ते प्रारूपात घेतले गेले नाही. जोडीदारच नसल्यामुळे न्यूट्रिनोचे वस्तुमान शून्य मानले गेले.

या समजुतीला १९९८ मध्ये जपानमधील सुपर कामिओकांडे प्रयोगाने तडा दिला. न्यूट्रिनोचे तीन प्रकार आहेत आणि प्रवासात ते एका प्रकारातून दुसऱ्यात बदलत राहतात, असे त्यात दिसले. कॅनडातील सडबरी प्रयोगशाळेने २००१ आणि २००२ मध्ये सूर्याच्या न्यूट्रिनोंबाबत हाच निष्कर्ष काढला. वस्तुमान असल्याखेरीज असे रूपांतर शक्य नाही. ताकाकी काजिता आणि आर्थर मॅकडोनाल्ड यांना या कार्यासाठी २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वस्तुमान आहे हे ठरले, पण ते किती, हा प्रश्न उरला. जर्मनीतील कॅट्रिन प्रयोगाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार ते ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी आहे. सर्वांत हलका विद्युतभारित कण असलेल्या इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. म्हणजे न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनपेक्षाही किमान दहा लाख पटींनी हलका आहे. ही तफावत केवळ योगायोगाची असेल, यावर विश्वास ठेवण्यास बहुतेक शास्त्रज्ञ तयार नाहीत.

एक बाजू वर, दुसरी खाली

या कोड्याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उत्तर 'सी-सॉ' या नावाने प्रसिद्ध आहे. बागेत लहान मुले ज्या वरखाली होणाऱ्या फळीवर बसतात, त्या फळीवरून हे नाव पडले. पीटर मिंकोव्स्की यांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे १९७९-८० च्या सुमारास मरे गेल-मान, पिअर रामों, रिचर्ड स्लान्स्की, त्सुतोमु यानागिदा तसेच मूळचे भारतीय असलेले रवींद्र महापात्र आणि गोरान सेन्यानोविच यांनी ती विकसित केली.

कल्पना अशी की, न्यूट्रिनोचे उजवे रूप अस्तित्वात आहे, मात्र ते अत्यंत जड आहे. विद्युतभार नाही, तीव्र बल नाही, क्षीण बलही नाही, अशा या कणाला स्वतःचे भलेमोठे वस्तुमान असण्यास सिद्धांताची कोणतीही आडकाठी नाही. असा जड जोडीदार असेल तर गणिताच्या ओघात आपल्या ओळखीच्या न्यूट्रिनोचे वस्तुमान आपोआप घटते. फळीचे एक टोक जितके वर जाईल तितके दुसरे टोक खाली येते. जोडीदार जितका जड, तितका आपला न्यूट्रिनो हलका.

या कल्पनेला आणखी एक मोठा आधार आहे. विश्वाच्या आरंभी पदार्थ आणि प्रतिपदार्थ जवळजवळ समप्रमाणात निर्माण झाले असावेत. ते परस्परांना भिडून नष्ट झाले आणि दर शंभर कोटींमागे साधारण एक इतकाच जादा पदार्थ शिल्लक राहिला. आकाशगंगा, ग्रह, तारे आणि आपण सारे त्या उरलेल्या अंशातून घडलो. हा अंश का उरला, याचे उत्तर स्टँडर्ड मॉडेलपाशी नाही. जड न्यूट्रिनोच्या विघटनात पदार्थाकडे किंचित झुकते माप पडले असेल, तर हा अंश उरू शकतो, हे मासाताका फुकुगिता आणि यानागिदा यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले. तुलनेने हलक्या, म्हणजे प्रयोगांच्या आवाक्यातील जड न्यूट्रिनोंकडूनही हे कार्य घडू शकते, असे एवगेनी अखमेदोव्ह, व्हालेरी रुबाकोव्ह आणि अलेक्सेई स्मिर्नोव्ह यांनी १९९८ मध्ये मांडले. २००५ मध्ये मिखाईल शापोश्निकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापुढे जाऊन असा प्रस्ताव दिला की, केवळ तीन जड न्यूट्रिनोंची भर घातली तर न्यूट्रिनोचे वस्तुमान, पदार्थाचे अस्तित्व आणि कृष्णद्रव्य या तिन्ही कोड्यांची उकल होऊ शकते.

एकाच कणामुळे इतक्या प्रश्नांची उत्तरे मिळण्याची शक्यता असल्यानेच त्याच्या शोधाला एवढे महत्त्व आले आहे. अडचण एकच आहे. त्याचे वस्तुमान किती असावे, हे सिद्धांत सांगत नाही. सी-सॉच्या मूळ स्वरूपात ते एकावर चौदा शून्ये इतके जीईव्ही असू शकते. जीईव्ही म्हणजे एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, साधारणपणे एका प्रोटॉनचे वस्तुमान. आजचे सर्वांत शक्तिशाली यंत्र असलेल्या लार्ज हेड्रॉन कोलायडरची टक्कर ऊर्जा १३,६०० जीईव्ही आहे. म्हणजे जड न्यूट्रिनो खरोखरच त्या टोकाला असेल तर तो मानवनिर्मित यंत्राच्या आवाक्याबाहेर अब्जावधी पटींनी दूर आहे. तो काही जीईव्ही ते काही हजार जीईव्ही या पट्ट्यात असेल, तरच त्याला पकडण्याची आशा धरता येते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गेली काही वर्षे 'स्टेराइल न्यूट्रिनो'विषयी ज्या बातम्या येत होत्या, त्या एक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या अतिहलक्या कणाविषयी होत्या. अमेरिकेतील मायक्रोबून आणि जर्मनीतील कॅट्रिन या प्रयोगांनी २०२५ च्या अखेरीस जाहीर केलेल्या निष्कर्षांमुळे त्या कणाची शक्यता बरीच मावळली आहे. येथे चर्चा आहे ती त्याहून अब्जावधी पटींनी जड अशा कणाची. त्या निष्कर्षांचा या कणाच्या भवितव्याशी संबंध नाही.

दिसणार कसा?

कोणत्याही बलाला न जुमानणारा कण यंत्रात तयार तरी कसा होणार, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर सी-सॉच्या गणितातच आहे. डावा आणि उजवा न्यूट्रिनो हिग्ज क्षेत्राने जोडलेले असतील, तर ते पूर्णतः विभक्त राहू शकत नाहीत. त्यांच्यात अत्यल्प सरमिसळ होते. त्यामुळे जेथे साधा न्यूट्रिनो तयार होतो तेथे क्वचित कधी त्याच्याऐवजी जड न्यूट्रिनो तयार होऊ शकतो. हे 'क्वचित' म्हणजे लाखात एकदा की लाख कोटींत एकदा, यावर सारा शोध अवलंबून आहे.

न्यूट्रिनो विपुल प्रमाणात देणारा सर्वांत स्वच्छ स्रोत म्हणजे झेड हा कण. त्याचे वस्तुमान सुमारे ९१ जीईव्ही आहे आणि दर पाच झेडपैकी एकाचे विघटन न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो यांत होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर नेमक्या या ऊर्जेला घडवली की झेड कणांचा अक्षरशः पाऊस पडतो. सर्नच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात १९८९ ते २००० या काळात चाललेल्या लेप या यंत्राने हेच केले. न्यूट्रिनोचे प्रकार तीनच आहेत, हा निष्कर्ष त्याच यंत्राने दिला. त्यामुळे चौथा, जड न्यूट्रिनो आता शक्यच नाही, असा एक गैरसमज पसरला. वस्तुतः लेपने मोजले ते झेडशी पूर्ण ताकदीने संबंध ठेवणारे हलके न्यूट्रिनो. सरमिसळीच्या चोरवाटेने येणारा जड न्यूट्रिनो त्या मोजणीच्या जाळ्यात अडकण्याचे कारण नव्हते.

लेपवरील डेल्फी प्रयोगाने १९९७ मध्ये जड न्यूट्रिनोचाही शोध घेतला. तो सापडला नाही. सरमिसळ लाखात सुमारे दोनपेक्षा कमी असली पाहिजे, एवढे त्यातून निष्पन्न झाले. लार्ज हेड्रॉन कोलायडरवरील अ‍ॅटलास आणि सीएमएस या प्रयोगांनी त्यानंतर ही मर्यादा काही वस्तुमानांसाठी दहा लाखांत एक किंवा त्याहूनही खाली नेली. २०३० च्या सुमारास या यंत्राचे अधिक तीव्रतेचे रूप कार्यान्वित होईल, तेव्हा ती आणखी खाली जाईल.

एफसीसीचे वेगळेपण येथेच आहे. झेडच्या ऊर्जेवर चार वर्षे चालविल्यास हे यंत्र सुमारे सहा लाख कोटी झेड कण निर्माण करील, असे व्यवहार्यता अहवाल सांगतो. लेपच्या चारही प्रयोगांनी मिळून सुमारे पावणेदोन कोटी झेड टिपले होते. लेपने वर्षानुवर्षे साठविलेली पुंजी एफसीसी दोन-तीन मिनिटांत गोळा करील.

मीटरभर चालून फुटणारा कण

केवळ संख्या मोठी असून भागत नाही. सहा लाख कोटी सामान्य घटनांच्या गर्दीतून हवी ती घटना ओळखता आली पाहिजे. याबाबतीत जड न्यूट्रिनो स्वतःच मदत करतो. ज्या क्षीण सरमिसळीमुळे तो क्वचित जन्मतो, तिच्यामुळेच तो उशिरा मरतो. सरमिसळ कमी असेल तर त्याचे आयुष्य वाढते. त्याचे वस्तुमान वाढले तर आयुष्य झपाट्याने, म्हणजे वस्तुमानाच्या पाचव्या घाताने, घटते.

एक ढोबळ हिशोब मांडून पाहू. जड न्यूट्रिनोचे वस्तुमान ३० जीईव्ही आणि सरमिसळ अब्जात एक आहे असे धरले, तर एफसीसीत असे सहाशे-सातशे कण तयार होतील आणि प्रत्येक कण फुटण्यापूर्वी सरासरी काही सेंटिमीटर अंतर कापेल. सरमिसळ शंभर अब्जांत एक असेल तर कण सहा-सातच तयार होतील आणि प्रत्येक जण काही मीटर पुढे जाऊन फुटेल. लेपमध्ये अब्जात एक या सरमिसळीने एक कण मिळण्यासाठी तसे यंत्र शेकडो वेळा उभारावे लागले असते. दोन यंत्रांमधील अंतर या हिशोबातून स्पष्ट व्हावे.

टक्करबिंदूपासून दूर, रिकाम्या जागेत अचानक कणांचा झुबका उमटतो, ही जड न्यूट्रिनोची खूण आहे. मधल्या वाटेवर कोणतीही रेघ नसते, कारण जड न्यूट्रिनोला विद्युतभार नसल्याने तो डिटेक्टरमध्ये माग ठेवीत नाही. बॉटम क्वार्क असलेले ओळखीचे कणही काही मिलिमीटर चालून फुटतात. त्यामुळे थोड्या अंतरावर गल्लत होऊ शकते. परंतु एक मीटरच्या पुढे अशी घटना घडविणारे दुसरे काही जवळपास नसते. म्हणूनच चार-पाच घटनाही शोधाचा दावा करण्यास पुरेशा ठरू शकतात. कण याहून लांब जात असल्यास तो निसटू नये, यासाठी भूमिगत दालनाच्या भिंतींवरही डिटेक्टर बसवावेत, अशी एक सूचना पुढे आली आहे.

शोध लागला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. सापडलेला कण सी-सॉचाच आहे, हे सिद्ध करावे लागेल. सी-सॉतील जड न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असतो. त्यामुळे तो इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन या दोन्हींत सारख्याच सहजतेने फुटू शकतो. प्रोटॉनच्या टकरीत याची परीक्षा सोपी आहे. जन्मताना सोबत आलेला कण आणि फुटताना बाहेर पडलेला कण एकाच भाराचे निघाले की खूण पटते. झेडच्या विघटनात मात्र सोबतीला साधा न्यूट्रिनो असतो आणि तो न दिसताच निघून जातो. तेथे बाहेर पडलेल्या कणांच्या दिशांची आकडेवारी तपासून निष्कर्ष काढावा लागतो. त्यासाठी शेकडो घटना हव्यात. पाच-सहा घटनांत ते साधणार नाही.

सापडला नाही तर?

खर्चाच्या समर्थनार्थ बोलणारे या प्रश्नाला बहुधा बगल देतात. त्याचे प्रामाणिक उत्तर थोडे निराशाजनक आहे.

सी-सॉचे अगदी साधे गणित मांडले तर सरमिसळ म्हणजे हलक्या न्यूट्रिनोचे वस्तुमान भागिले जड न्यूट्रिनोचे वस्तुमान. न्यूट्रिनोंच्या रूपांतरावरून एका हलक्या न्यूट्रिनोचे वस्तुमान किमान ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असले पाहिजे, हे माहीत आहे. जोडीदार ३० जीईव्हीचा असेल तर सरमिसळ लाख कोटींत सुमारे दोन इतकी येते. वरच्या हिशोबानुसार एफसीसीत असा जेमतेम एखादा कण तयार होईल आणि तोही बहुधा डिटेक्टरच्या बाहेर जाऊन फुटेल. म्हणजे सहा लाख कोटी झेड जमवूनही हे यंत्र सी-सॉच्या सर्वांत साध्या भाकिताच्या उंबरठ्यापर्यंतच पोचते.

यात आशेला जागा आहे ती अशी. जड न्यूट्रिनो किमान दोन असले पाहिजेत आणि त्यांचे परिणाम एकमेकांना बव्हंशी छेद देत असतील, तर हलक्या न्यूट्रिनोचे वस्तुमान तेवढेच राहूनही सरमिसळ हजारो पटींनी मोठी असू शकते. विश्वातील जादा पदार्थाचे स्पष्टीकरण देणाऱ्या अनेक गणितांत असेच घडते. एफसीसी ज्या प्रदेशाची झडती घेणार आहे त्याचा मोठा भाग या गणितांचा आहे. तेथे काही सापडले तर विश्वाच्या जन्मकथेचे एक पान प्रयोगशाळेत उघडेल. तेथे काही सापडले नाही तर गणितांचा एक मोठा गट बाद होईल, परंतु सी-सॉ ही कल्पना बाद होणार नाही. ती अधिक जड किंवा अधिक क्षीण कोपऱ्यात जाऊन बसेल. हिग्ज कणाबाबत परिस्थिती निराळी होती. लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये हिग्ज किंवा त्याच्या जागी दुसरे काहीतरी सापडणारच, अशी हमी सिद्धांत देत होता. जड न्यूट्रिनोबाबत अशी हमी कोणीही देऊ शकत नाही आणि देऊही नये.

यावर एक स्वस्त पर्याय सर्नने याआधीच हाती घेतला आहे. मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळालेल्या 'शिप' या प्रयोगात ४०० जीईव्हीचा प्रोटॉन झोत एका जाड लक्ष्यावर आदळविला जाईल आणि त्यामागील लांबलचक रिकाम्या पोकळीत जड न्यूट्रिनो फुटण्याची वाट पाहिली जाईल. पुढील दशकाच्या पूर्वार्धात तो सुरू होणे अपेक्षित आहे. मात्र चार्म आणि बॉटम क्वार्कच्या कणांपासून जन्मणारे, म्हणजे साधारण पाच जीईव्हीपर्यंतचेच जड न्यूट्रिनो तो पकडू शकतो. त्यापुढे सुमारे ८० जीईव्हीपर्यंतच्या पट्ट्यात झेडच्या यंत्राला तोड नाही. त्याहूनही जड कणांसाठी प्रोटॉनचे महायंत्र किंवा सध्या केवळ कागदावर असलेले म्यूऑन कोलायडर यांची प्रतीक्षा करावी लागेल. हे तिन्ही मार्ग परस्परांना पूरक आहेत. शिप एफसीसीची जागा घेऊ शकत नाही, तसेच एफसीसीमुळे शिपची गरज संपत नाही.

पैशाचे आणि प्रतिष्ठेचे गणित

विज्ञानाची बाजू अशी असताना निर्णय मात्र राजधान्यांमध्ये होणार आहे. सर्नला सर्वाधिक वर्गणी देणाऱ्या जर्मनीने २०२४ मध्येच खर्चाच्या आराखड्याविषयी उघड साशंकता व्यक्त केली होती. यंत्र ठरल्याप्रमाणे उभे राहिले तरी पहिल्या टकरी २०४० च्या दशकाच्या उत्तरार्धात होतील. प्रोटॉनचा दुसरा टप्पा २०७० च्या दशकात उजाडेल. आज पदवीचे शिक्षण घेणारा विद्यार्थी तोवर निवृत्त झालेला असेल.

पैसा कमी पडल्यास काटछाट केलेल्या एफसीसीचा पर्यायही धोरण गटाने पुढे ठेवला आहे. चारऐवजी दोनच प्रयोग उभारणे, झोताला ऊर्जा पुरविणाऱ्या यंत्रणेची शक्ती घटविणे आणि टॉप क्वार्कचा टप्पा गाळणे अशा तरतुदी त्यात सुचविण्यात आल्या आहेत. हिग्जच्या मोजमापाला यातून फटका बसेल, पण ते निरर्थक ठरणार नाही. जड न्यूट्रिनोचा शोध मात्र सर्वस्वी झेडच्या संख्येवर उभा आहे. जेथे सहा-सात घटनांची अपेक्षा होती तेथे तीनच मिळाल्या, तर शोधाचा दावा आणि केवळ शंका यांतील सीमारेषा पुसली जाते. काटकसरीचा निर्णय घेताना कोणते विज्ञान गमावले जाणार, हे करदात्यांना स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

या निर्णयामागे चीनशी असलेली स्पर्धाही होती. सुमारे १०० किलोमीटर परिघाचे असेच यंत्र ३६.४ अब्ज युआन खर्चून, म्हणजे युरोपच्या निम्म्याहूनही कमी खर्चात उभारण्याचा आराखडा चीनने तयार केला होता. मात्र २०२६ ते २०३० या काळाच्या पंधराव्या पंचवार्षिक योजनेत त्याला स्थान मिळाले नाही. जपानमधील नियोजित सरळ रेषेतील कोलायडरही अनेक वर्षे निर्णयाअभावी अडकून पडला आहे. परिणामी आज तरी युरोप या शर्यतीत जवळजवळ एकटा उरला आहे. प्रतिस्पर्धी मागे पडल्याने घाई करण्याचे एक कारण नाहीसे झाले, असे विरोधक म्हणतील. दुसरा कोणीच हे यंत्र उभारत नसल्याने ते आपणच उभारले पाहिजे, असे समर्थक म्हणतील. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे.

भारताचा वाटा

भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सीएमएस प्रयोगात दीर्घकाळ सहभागी आहेत. लार्ज हेड्रॉन कोलायडरचे चुंबक नेमक्या जागी तोलून धरणारे सुमारे सात हजार जॅक इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या पुढाकाराने भारतातून गेले. न्यूट्रिनोशी असलेले आपले नाते तर त्याहून जुने आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, टाटा संस्थेने जपान आणि ब्रिटनमधील विद्यापीठांच्या सहकार्याने १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद केली. जगातील अशा पहिल्या नोंदींमध्ये तिची गणना होते.

हा वारसा पुढे नेण्यासाठी तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे दीड हजार कोटी रुपयांची मंजुरी दिली होती. स्थानिकांचा विरोध, पर्यावरणाचे प्रश्न आणि राज्य सरकारचा नकार यांमुळे तो प्रकल्प रखडला. घरच्या डोंगरात बोगदा खणता आला नाही म्हणून परदेशातील बोगद्यात सहभागी व्हायचे, हे काहींना खटकेल. परंतु या दोन गोष्टींचा एकत्रित विचार केल्यास एक धडा मिळतो. जिनिव्हा परिसरातील रहिवासीही खोदकामातून निघणारा राडारोडा, पाणी आणि विजेचा वापर यांविषयी प्रश्न विचारत आहेत. मूलभूत विज्ञानाचा प्रकल्प कितीही उदात्त असला तरी ज्यांच्या जमिनीखालून तो जातो त्यांना विश्वासात घेतल्याखेरीज तो पुढे सरकत नाही, हे थेनीने दाखविले आहे.

एफसीसीत भारताने सहभागी व्हावे की नाही, हा निर्णय पुढील काही वर्षांत दिल्लीला घ्यावा लागेल. त्या वेळी 'नवा देवकण सापडणार' अशा घोषणांवर विसंबून चालणार नाही. डिटेक्टर, अतिवाहक चुंबक, विदा विश्लेषण या क्षेत्रांत आपल्या तरुणांना कोणते काम मिळणार आणि आपले उद्योग त्यातून काय शिकणार, याचा हिशोब मांडावा लागेल. जड न्यूट्रिनोच्या शोधात सहभागी होण्याची खरी वेळ यंत्र सुरू झाल्यावरची नाही. मीटरभर चालून फुटणारा कण पकडायचा तर डिटेक्टरची रचना तशी असली पाहिजे आणि ती रचना या दशकातच ठरणार आहे.

पाउलींच्या कल्पनेपासून न्यूट्रिनोच्या प्रत्यक्ष नोंदीपर्यंत २६ वर्षे गेली. हिग्ज कणाची वाट १९६४ पासून २०१२ पर्यंत पाहावी लागली. जड न्यूट्रिनोची कल्पना मांडली जाऊन आता पन्नास वर्षे होत आली आहेत. तो सापडेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. तो शोधूच नये, असे म्हणणाऱ्यांनी मात्र न्यूट्रिनोला वस्तुमान कोठून आले आणि विश्वात पदार्थ का उरला, या दोन प्रश्नांचे दुसरे उत्तर कोठे शोधायचे, हे सांगितले पाहिजे. २०२८ मध्ये युरोप जो निर्णय घेईल त्यावर हे प्रश्न या शतकात सुटणार की पुढच्या पिढ्यांच्या हवाली होणार, हे बऱ्याच अंशी ठरणार आहे.